सिमेंटखालचा खांब

माझ्या मोठ्या जाऊबाई योगेश्वरी गोंदियाच्या कॉलेजात इतिहास शिकवतात आणि फ्रान्समधल्या एका पाचशे वर्षं जुन्या घराचा अभ्यास करतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड, वरचा मजला गल्लीवर पुढे आलेला. सगळा भार लाकडी सांगाड्यावर, मधल्या भिंती गवत कालवलेल्या मातीच्या. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावातलं घरही तसंच आहे, लाकडी खांबांमध्ये बांबूचा कुड आणि वर माती. ते घर टिकलं तर हेही टिकेल, असं त्या जेवतानाही ऐकवतात.

ते ऐकून ऐकून आमच्या ह्यांनी, देवेंद्रनी, एका उन्हाळ्यात भिंत कायमची पक्की करायची म्हणून मातीवर सिमेंटचा गिलावा केला. मोठ्या कौतुकाने.

दिवाळीला जाऊबाई आल्या. भिंत पाहिली, चहा बाजूला सारला आणि हातोडी मागितली.

"वहिनी, काऊन फोडून राहिल्या?"

"फ्रान्समधल्या लोकांनीही हेच केलं होतं. ओल आत कोंडली आन् लाकूड सडलं."

गिलावा निघाला. त्यांनी खांबाच्या बुडाशी बोट दाबलं, तर ते भिजल्या पोह्यांत जावं तसं आत गेलं.

हे चिडून म्हणाले, "मंग दरसाल माती कोन लावन?"

"मी लावीन."

तेव्हापासून दर दिवाळीला येऊन त्याच लावतात. फ्रान्समधलं ते घर त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जाणार तर आहेच, म्हणतात, पण दिवाळीच्या सुट्टीत नाही.