मी ‘घोस्ट’च म्हनलो हुतो!

शिर्डीतल्या हॉटेलच्या काउंटरवर बारा वर्षं उभं राहिलं की असे किस्से आपोआप साठतात. देशभरातून माणसं येतात, प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. आमचं तर विचारूच नका! म्हणून मी रोज सकाळी स्टाफकडून वीस मिनिटं उच्चार घोटून घेतो. खास विद्यार्थी दोन: फोनवर बसणारी मिरजगावची संगीता आणि रूम सांभाळणारे अकोले तालुक्यातले शिंदेमामा.

*

मामा एकदा दिल्लीच्या एका कुटुंबाला एकशे बारा नंबरची रूम दाखवायला गेले. दार उघडलं, लगेच लावलं आणि अदबीनं म्हणाले, “सॉरी सर. घोस्ट इनसाइड. स्लीपिंग.”

सगळं कुटुंब बॅगांसकट खाली!

मी उखडलो. “अहो मामा, गेस्ट! गेस्ट म्हणायचं!”

“चुकलं साहेब. पन मानूस झोपल्याला हाय आत. भिंतीकडं तोंड करून.”

मी कॉम्प्युटर बघितला. एकशे बारा दोन दिवस रिकामी होती. वर जाऊन बघितलं, तर चादरीवर एक सुरकुती नाही.

मामा हळूच म्हणाले, “मंग मी पयलं बरूबरच म्हनलो हुतो का, साहेब?”

*

बंगळुरूच्या एका मुलीचा रूममधून फोन आला, “माय डॅड इन बाथरूम, डोअर जॅम!” संगीतानं ‘डेड’ ऐकलं आणि किंचाळली. आम्ही चौघं पळालो, मामांनी खांद्यानं दार तोडलं. आत तिचे वडील, तोंडाला साबणाचा फेस, हातात रेझर.

संगीताला भोवळच आली.

*

एका दुपारी एक साहेब दर्शन करून आले. “व्हेअर इज माय वाइफ?”

“मॅडम लेफ्ट, सर,” संगीता म्हणाली. त्यांनी ‘लिफ्ट’ ऐकलं आणि लिफ्टसमोर जाऊन उभे राहिले. बाई तर तासापूर्वीच आपली बॅग घेऊन एअरपोर्टच्या टॅक्सीत बसल्या होत्या, आणि जाताना चांगल्याच रडत होत्या.

दार उघडलं की साहेब हसून एक पाऊल पुढं टाकायचे. त्यांना खरं सांगायला आमच्यातलं कुणीच पुढं होईना.

*

तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच उतरले होते. त्यांचा फोन आला, आवाज अगदी बारीक. संगीतानं मामांना सांगितलं, “तीनशे चारवाले निघालेत. आय वाँट टू लीव्ह म्हणतायत. बॅग घ्यायला जा.”

मामा गेले. गृहस्थ जमिनीवर पडलेले, छातीवर हात, ओठ हलत होते. “आय वाँट टू लिव्ह... लिव्ह...”

मामांनी त्यांना पाठीवर घेऊन तीन मजले उतरवलं. वाचले ते.

रडून झाल्यावर संगीतानं विचारलं, “सर, बरोबर ऐकलं असतं तर मी काय केलं असतं? ‘व्हॉट सर, व्हॉट सर’ करत बसले असते!”



*

आणि हे गेल्या महिन्यातलं. सत्तरीच्या एक बाई आल्या. डबल रूम, दोनशे सात. मला म्हणाल्या, “माय लेट हजबंड लव्हड् धिस प्लेस.” मी मान खाली घातली.

मी जेवून परत आलो, तर संगीता खुशीत. “सर, त्या मॅडमचे मिस्टर आले!”

“कुठल्या मॅडम?”

“दोनशे सातच्या. त्या म्हणाल्या नव्हत्या का, हजबंड लेट आहेत म्हणून? आत्ताच आले. उंच, पांढरा सफारी. काउंटरवर थांबले, हसले आणि म्हणाले, ‘सॉरी, आय ॲम लेट.’ मी वर पाठवलं.”

मी तिला ‘लेट’चा दुसरा अर्थ सांगितला. तिचा चेहरा उतरत गेला.

कुणी भामटा घुसला असणार! मी घाईनं दोनशे सातला फोन लावला. “मॅडम, तुमच्या रूममध्ये कुणी आलंय का? मी वर येऊ?”

 पलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी निवांत.

“नो, नो. जस्ट सेंड टू टीज, प्लीज. वन विदाउट शुगर.”