पट्टीखालचा पाट

विमलकाकूंची आणि माझी ओळख त्यांच्या एका प्रश्नाने झाली. लग्न होऊन मी म्हसळ्याहून अलिबागला आले आणि शिवता येतं या तोऱ्यात त्यांच्या गोधड्यांच्या कारखान्यात जाऊन उभी राहिले. नमुना शिवून दाखवायला पिशवीत एक जुनी साडी होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साडीवर हात फिरवत म्हणाल्या, "कापड कुणाचं?"

"आईचं. गेली ती."

"मग नाव घे तिचं. नाव घेतल्याबिगर इथं मशीन चालू होत न्हाय."

मी नाव घेतलं आणि ढसाढसा रडले. शिवण राहिली बाजूला, पण दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होते.

काकूंचं मशीन म्हणजे पलंगाहून लांब चौकट. गोधडी दोन रुळांमध्ये ताणायची आणि मशीनचं डोकं मुठीला धरून तिच्यावरून फिरवायचं. रेघा, कमानी घालायच्या तर डाव्या हाताने जाड पारदर्शक पट्टी दाबून धरायची आणि उजव्या हाताने मशीन तिच्या कडेने चालवायचं. ऐकायला सोपं! पण कापडाखाली आधार असतो तो मशीनच्या खालच्या अरुंद दांड्याचा, म्हणजे भुजेचा, बाकी पट्टी अधांतरी. जरा कलली की सुई पट्टीवर आपटलीच. काकू ती पट्टी वर्षानुवर्षं नुसत्या बोटांनी सरळ ठेवत आल्या होत्या. आम्ही बायका काम सोडून बघत राहायचो.

मग त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. त्यातून बऱ्या झाल्या, पण डावा हात कापायला लागला. नेमकी तेव्हा चौकटीवर बंदरावरच्या जनीताईंची गोधडी होती. त्यांच्या आईच्या उरलेल्या दोन लुगड्यांची, लेकीला लग्नात द्यायची. पट्टी कलली, सुई मोडली, लुगड्याला बोटभर चीर गेली. दुसऱ्या कुणी गुपचूप रफू केलं असतं. काकूंनी त्याच दुपारी जनीताईंना बोलावून चीर दाखवली आणि म्हणाल्या, "माझा हात गेला गं. दुसरीकडून करून घे."

जनीताई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या आयचं नाव तुमीच घेतलाव ना? मंग तुमीच शिवा. आमी थांबू."

काकू घरी गेल्या. त्या पुन्हा मशीनला हात लावतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. दोन दिवसांनी आल्या त्या पुठ्ठा कापतच! मशीनच्या भुजेभोवती बसेल असा रुंद, सपाट तळ त्यांना हवा होता. "पाहुण्याला पाट देतो, मग पट्टीला का न्हाय?" बाजारातल्या, दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून त्यांनी तो जाड अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून घेतला. पहिला पाट केसभर उंच झाला, कापड अडकायला लागलं. दुसरा बरोबर बसला, तरी मशीन जड चाले, कारण आम्ही गोधडी नेहमीसारखी तबल्यागत ताणलेली. काकू खेकसल्या, "अगं, पाटाला जागा तरी ठेवाल का! सैल सोडा जरा!"

सैल सोडली. काकूंनी गोधडीखाली हात घालून पाट चाचपला, वर पट्टी ठेवली. हात कापत होता, पट्टी मात्र हलेना. चिरेवर त्यांनी कमान घातली, तिच्यावर दुसरी, मग अख्ख्या गोधडीभर लाटाच लाटा. जनीताईंना नंतर ती चीर शोधून सापडली नाही.

काकूंच्या पंचाहत्तरीला आम्ही त्यांच्याच जुन्या साड्यांची गोधडी करायला घेतली. पट्टी माझ्या हाती होती. पाट लावला, ताण सैल केला, आणि मी अडले. आजवर इथे घेतलेली बहुतेक नावं गेलेल्या माणसांची. काकू समोर खुर्चीत बसलेल्या. कसं घ्यायचं त्यांचं नाव?

"घे की! मी मेले न्हाय म्हणून लाजतेस व्हय?"

मी डोळे मिटून म्हटलं, "कापड विमलकाकूंचं."

"हाय!" काकू शाळेत हजेरी द्यावी तशा ओरडल्या. सगळ्याजणी हसल्या, आणि मी मशीन चालू केलं.

काकू, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्ही दर वर्षी तुमच्या साडीची गोधडी चौकटीवर चढवू, तुमचं नाव घेऊ, आणि मशीन तुमचा "हाय" ऐकूनच चालू करू.