नऊ मिनिटं स्थिर हवा

नीताबाईंच्या सासूने घराला एक रीत लावून दिली होती. संकष्टीचा चंद्र आधी घरच्या पुरुषाने पाहायचा, आत येऊन सांगायचं, आणि मगच बाईने अर्घ्य देऊन उपास सोडायचा. उपास त्या पुरुषाच्याच आयुष्यासाठी. सासू गेली, रीत राहिली. एकतीस वर्षांत नीताबाईंनी चतुर्थीचा चंद्र नवऱ्याच्या आधी कधी पाहिला नव्हता. पनवेलजवळच्या विचुंब्यातला त्यांचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट पश्चिमेकडे तोंड करून होता; पाहू म्हटलं तरी दिसला नसता.

विनायकराव उरणच्या एका गोदामाच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि त्यांनी कॅमेरा घेतला. त्याआधी ते गच्चीवर जात, पाच मिनिटांत जिन्यातूनच हाक देत. कॅमेरा आल्यापासून चंद्र उशिरा उगवायला लागला.

त्याचं कारण ते कुणालाही समजावून सांगत. प्रबळगडामागून चंद्र वर येतो तेव्हा त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो. त्यात दगडखाणींची धूळ, खाडीचा दमटपणा, दिवसभर तापलेल्या स्लॅबची ऊब. कडा उतू जाणाऱ्या दुधासारखी हलते, खड्डे पुसले जातात. जो कॅमेऱ्यात धड येत नाही तो चंद्र उगवला, असं त्यांना म्हणवेना. कॅलेंडरातली वेळ गणिताची असते, ते म्हणत, मी बघून सांगतो. ते खोटं बोलत नव्हते, हीच अडचण होती. खोटं बोलणारा माणूस कधीतरी सापडतो.

गावातून धुण्याभांड्याला येणारी रंभा पंचमीच्या सकाळी ओट्यावरची रात्रीची भांडी बघून विचारायची, किती वाजता जेवलात? नीताबाई सांगायच्या, अकरा. रंभा हसायची.

"बाय, आमी नवालाच जेवलो. तुमचा टावरवाल्यांचा चंद्र काय येगळा हाय?"

नीताबाईंना ते बोलणं आगाऊ वाटलं. मग एकदा विनायकरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंची रांगच टाकली. नऊ एकवीस : तांबडा, चपटा. नऊ चाळीस : पिवळट, कडा फाटलेली. दहा पन्नास : स्वच्छ. खाली लोकांनी हात जोडले होते, टाळ्या वाजवल्या होत्या. नवऱ्याने अजून नाही म्हटलेले ते चंद्र नीताबाईंनी एकेक करून पाहिले आणि त्याबद्दल त्यांना विचारलं. ते हसले. म्हणाले, तो चंद्र नव्हे गं, ती धूळ आहे.

नीताबाईंना मधुमेह होता. संध्याकाळच्या गोळीनंतर अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळी त्या कॅलेंडरच्या वेळेवर घेत. जेवण नवऱ्याच्या.

जानेवारीतल्या चतुर्थीला थंडी पडली आणि धुरकं जमिनीलगत बसून राहिलं. चंद्रोदय नऊ चौदाचा. नीताबाईंनी पावणेनऊला गोळी घेतली. दहाला त्यांनी गच्चीवर फोन केला. थांब, हवा बसत आलीय, असं उत्तर आलं. साडेदहाला त्यांनी मोदकांवरचं झाकण काढलं, वाफ नव्हतीच, आणि झाकण परत ठेवलं. बोटं थरथरत होती, मानेवर घाम होता. आपण एक मोदक खाल्ला आणि ह्यांना काही झालं तर, असा विचार त्यांच्या मनात आला. पावणेअकराला त्या लिफ्टने वर गेल्या.

चंद्र होता. समोरच्या टॉवरच्या पाण्याच्या टाकीवर, हळदीचं बोट पुसल्यासारखा. कुणालाही दिसला असता.

"अहो, दिसला मला."

विनायकराव कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकलेले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"हा नव्हे. आणि हलू नकोस, ट्रायपॉड हादरतो. श्वास तिकडे सोड, काचेवर वाफ धरते."

त्या कठड्याला टेकल्या आणि मग टेकल्या ठिकाणीच खाली जमिनीवर घसरल्या.

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं तेव्हा विनायकराव वळले.

हॉस्पिटलात साखर बत्तीस निघाली. किती वेळ बेशुद्ध होत्या, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा विनायकरावांना सांगता आलं नाही. धुरकं त्या दिवशी फारच होतं, असं मात्र त्यांनी सांगितलं. मुलगी आभा पुण्याहून आली, बापाशी भांडली, सुट्टी संपली तशी गेली. नीताबाई घरी आल्या. डाव्या हाताची पकड सैल राहिली आणि ओळखीची नावं वेळेवर आठवेनात.

एका दुपारी त्या हॉलमध्ये पडल्या होत्या. आतल्या खोलीत विनायकराव कॉम्प्युटरवर बसले होते. चंद्राचा एकच फोटो काढत नाहीत; व्हिडिओ घेतात, त्यातल्या हजारो चौकटींतून हवा स्थिर असतानाच्या निवडून एकावर एक चढवतात. आतून नीताबाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. मग विनायकरावांचा. मग सिमेंटवर काहीतरी घासत गेल्याचा. त्यानंतर कुणीच बोललं नाही. दूर कुत्रं भुंकत राहिलं, हायवेवरून ट्रक गेले. नीताबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

विनायकराव बाहेर आले. चेहरा उजळला होता.

"सगळ्यात चांगल्या चौकटी शेवटच्या नऊ मिनिटांतल्या निघाल्या," ते म्हणाले. "इतकी स्थिर हवा पनवेलात मी पाहिली नव्हती. काही म्हणजे काही हललं नाही."

नीताबाईंनी मान हलवली.

पुढच्या चतुर्थीला त्या दुपारी बारा वाजता ताट वाढून बसल्या. विनायकराव दारात येऊन थांबले.

"अगं, आज संकष्टी."

"माहीत आहे," नीताबाई म्हणाल्या, आणि भातावर वरण ओतून उजव्या हाताने कालवायला लागल्या.