बाजूची मोकळी जागा

कोन गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांना बांधकामाचा एकच नियम ठाऊक आहे: घराच्या बाजूला जागा मोकळी सोडायची. गल्लीत दुसऱ्या कुणी ती सोडलेली नाही. आमची भिंतही थेट हद्दीवर आहे. काका त्या पट्ट्यात रोज झाडू मारतात आणि कुणी सायकल लावलीच, तर उचलून रस्त्यावर ठेवतात. "जागा माझी हाय, पन वापराची न्हाय," म्हणतात.

त्यांच्या तीन मुलांपैकी थोरल्या दोघांनी लग्नानंतर वरचा एकेक मजला घेतला. रस्ता अरुंद, म्हणून आणखी मजल्याला परवानगी नाही. धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा पोरं म्हणाली, "बाबा, बाजूला भिंत घाला ना. एक खोली निघंल. सगल्यांनी घातलीय."

काका नुसतं "हूं" म्हणाले. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी तळमजल्यावरची आपली खोली धाकट्याला रिकामी करून दिली आणि स्वतःची खाट त्या पट्ट्यात आणून टाकली.

"काका, इथं झोपणार?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"खाटंला परवानगी लागत न्हाय."

आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे आणि ती त्या पट्ट्यातच उघडते. फोडणी घालताना आता मी ती लावून घेते.