हात थांबला की गाणं बाद

बायकोबरोबर केलेलं शेवटचं धड काम म्हणजे नाताळच्या पार्टीची गाणी निवडली. कुणी म्हणेल, म्हातारा-म्हातारी काय हौशी! हौस कसली आलीय. मार्गशीर्षातला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी गुरुवारची पूजा, म्हणजे फुलबाजारात शेवंतीला उठाव. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. तिथं ओट्यावर गोणपाट टाकून ती बसलेली, समोर शेवंतीचा ढीग, हातात सुई-दोरा. मी बाजेवर क्लॅरनेट घेऊन. मी चाल वाजवायची, तिनं हार ओवायचे. गाणी निवडायची आमची हीच रीत. चाळीस वर्षं हीच.

मी बँडातला माणूस. बँड डीजेनं खाल्ला. त्यातून आम्ही तिघं वाचलो, मी, एक ढोलकीवाला आणि एक कीबोर्डवाला. कुणाची साठी, कुणाच्या बंगल्याची वास्तुशांत, कुठं कंपनीचं जेवण, असं वाजवत फिरतो. लोक जेवतात, आम्ही वाजवतो. ऐकत कुणी नाही. पण चुकीचं गाणं वाजवलं की लगेच ऐकू येतं त्यांना.

तिला सुरुवातीला विचारायचो, कसं वाटलं? ती म्हणायची, "चांगलं हाय की." सगळ्यालाच चांगलं हाय. गिरणीच्या पट्ट्यालासुद्धा चांगलं हाय म्हणाली असती. मग मी तोंडाला विचारणं सोडलं आणि हाताकडं बघायला लागलो. सुई भरभर चालली तर ते गाणं नाचायचं. सुई आपल्या चालीनं चालत राहिली तर जेवणाचं. आणि सुई थांबली, की गाणं बाद. हा कायदा तिनंच केला. म्हणायची, "माझा हात थांबला म्हंजे जेवणाऱ्याचा घास थांबला. लोकांनी जेवायला बोलावलंय तुम्हाला, रडवायला नाय." मी चौथी शिकलेला. वहीत आपल्या खुणा करायच्या. नाचायला फुली, जेवणाला टिंब, बाद त्याच्यावर काट.

त्या बुधवारी एकोणीस गाणी झाली. गंगापूर धरणाच्या पुढं द्राक्षबागेत एक रिसॉर्ट आहे, पार्टी तिथंच, आणि तिथला मॅनेजर वीस म्हणाला होता. विसावं म्हणून मी पाठवणीची धून काढली. नवरी निघते तेव्हा बँडवाले वाजवतात ती. माझ्या गुरूनं शिकवलेली. खोटं कशाला बोलू, मी सगळ्यात चांगली तीच वाजवतो. मांडवातली माणसं ढसाढसा रडलेली बघितलीत मी.

तिची सुई थांबली. फूल बोटात, सुई हवेत.

"बाद," ती म्हणाली.

"दरवर्षी बाद? अगं, या धुनेला लोकं रडतात."

"लोकं पोरीसाठी रडत्यात. तुमच्यासाठी नाय."

हे लागलं मला. म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळत नाय म्हनून तर माझ्या हाताला विचारता. लय हौस हाय ना? मी मेल्यावर वाजवा. तवा कुनी अडवायचं नाय."

"तू कुठली मरतीस! मला पोचवून मग निवांत बसशील."

ती हसली आणि पुढचं फूल ओवलं. मी बाजेवरून उठून गोठ्याकडं गेलो, रागात. विसावी ओळ तशीच कोरी राहिली.

शुक्रवारी सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं, छातीला हात लावून खाली बसली, आणि गेली. रिक्षा येईपर्यंतसुद्धा थांबली नाही. माणूस आयुष्यभर माझ्यासाठी थांबलेलं, नेमकं तेव्हा घाई.

तेराव्यापर्यंत घर नातेवाइकांनी भरलेलं. तेराव्याला बुंदी दोनदा वाढून घेणारे, "लय पुण्यवान होती" म्हणत तिसऱ्यांदा ताट पुढं करणारे. जिवंतपणी तिला हे कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, पण जिवंत माणसाकडून बुंदी मिळत नसावी. त्यांना कुठून तरी पार्टीचं कळलं. एक मामेभाऊ म्हणाला, "वर्ष होऊ द्या की. आताच वाजवायला निघालात तर लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, तूच लोकं आहेस, तू काय म्हणतोस ते सांग आणि हात धू. मुलगाही बापाची समजूत घालायला लागला, "नाना, नको ना." आणि हाच बाबा पाचव्या दिवशी ओसरीत मोबाइलवर बायकांचे नाच बघत होता, आवाज बारीक करून. दुखवट्याचा आवाज बारीक असतो म्हणे.

मी जाणार होतो. एकोणीस गाणी तिनं पास केलेली. ती वाया घालवायची? राहिलं विसावं. आणि गाणं पारखणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

मुलाला समोर बसवलं. मोबाइल ठेव म्हटलं, तर म्हणाला, "ऐकतोय ना, नाना." तीन चाली वाजवल्या. त्याचा अंगठा तिन्ही वेळा एकाच गतीनं वर-वर सरकत राहिला. भूकंप झाला असता तरी सरकला असता. सून आता हार ओवायला बसायची. तिच्यासमोर वाजवलं तर तिचा हात सगळ्याच गाण्यांना थांबायचा. सासरे वाजवतात म्हणून बिचारी मान देऊन ऐकायची. मान देणारं माणूस काय कामाचं? ढोलकीवाल्याला विचारलं. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि मी त्याच्या डावीकडं बसतो. तो म्हणाला, "एक नंबर."

वरून मॅनेजरचा फोन. "काका, लिस्ट पाठवलीय मुलाच्या नंबरवर. व्हाइब रेट्रो पाहिजे, पण फ्रेश. आणि सॅड काही नको हं." रेट्रो म्हणजे काय, मुलाला विचारलं. तो म्हणाला, "जुनं." फ्रेश म्हणजे? "ताजं." ताजं जुनं! आमच्याकडं परवाची शेवंती पाणी मारून ताजी करतात, तसलं काहीतरी असावं. यादीतली निम्मी गाणी तर अशी, की क्लॅरनेटवर वाजवली तर कुत्री उठून निघून जातील. ती यादी मी बाजूला ठेवली.

रात्रंदिवस तिचं ते बोलणं डोक्यात. मी मेल्यावर वाजवा. आता अडवणारं कुणी नव्हतं. आणि मला बघायचं होतं, खरंच बघायचं होतं, की नवरी नाही, मांडव नाही, पाठवणी नाही, तरी ती धून कुणाला थांबवते का. म्हणजे लोक पोरीसाठी रडत होते की माझ्यासाठी, हे एकदाचं कळेल. मेलेल्या माणसाशी भांडण पुरं करायचं तर दुसरा उपाय काय होता? कोऱ्या ओळीत मी धुनेचं नाव लिहिलं. खूण केली नाही.

नाताळच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं पोचलो. दारातच एका पोरीनं लाल टोप्या दिल्या. ढोलकीवाल्यानं आनंदानं घातली. मी माझ्या पांढऱ्या टोपीवर हात ठेवून उभा राहिलो, तर ती म्हणाली, "काका, थीम आहे." मी म्हटलं, माझी पण थीम आहे, बायको गेलीय. ती पोरगी गडबडली आणि दोन टोप्या जास्तीच्या देऊन पळाली.

मुंबईची कुठलीशी कंपनी. शंभरेक माणसं, द्राक्षाच्या ओळींमध्ये फोटो काढणारी. द्राक्ष अजून हिरवं आणि आंबट, पण तोंडात धरून फोटो. शामियान्याच्या कडेला मातीची चूल, मागं पाटी, "गावाकडची चव". चुलीपाशी सुरगाण्याकडची एक बाई नागलीच्या भाकरी थापत बसलेली. पन्नाशीची असेल. लोक ताटं घेऊन रांगेत आणि रांगेतून मोबाइल तिच्या तोंडासमोर. "मावशी, परत एकदा थापा ना, नीट आली नाही." तिनं थापलेली भाकरी परत पिठात मोडून परत थापली. भूक लागलेली माणसं अशी वागत नसतात.

आम्हाला जागा दिली नेमकी चुलीसमोर. बसलो, क्लॅरनेटची पत्ती जिभेनं ओली केली आणि पहिली गवळण सुरू केली. माझी नजर आपोआप त्या बाईच्या हातावर गेली. थाप, थाप, फिरव. आपल्या चालीनं. जेवणाचं गाणं, वहीतही टिंब. पुढं कोळ्यांचं एक वाजवलं, तिचा हात सुटला, भाकरीमागून भाकरी. वहीत फुली. मी एकामागून एक वाजवत गेलो आणि एकोणीसच्या एकोणीस गाण्यांना त्या अनोळखी बाईचा हात माझ्या बायकोच्या हातासारखा चालला. एकही चुकलं नाही. मला घाम आला. ढोलकीवाला विचारतोय, "दमला का?" मी म्हटलं, वाजव.

मग विसावं.

पहिल्या ओळीला काही नाही. मॅनेजर लांबून हातानं विचारतोय, हे काय? कंपनीचे साहेब हसतायत, जेवतायत, फोटो काढतायत. नवरी नाही तर रडणार कोण? बरोबर बोलली होती ती. दुसऱ्या ओळीला मी वरचा सूर धरला, गुरूनं सांगितलेला, छाती रिकामी होईपर्यंत धरायचा तो.

बाईचा हात थांबला. पिठाचा गोळा एका हातात, दुसरा हात वर. ती माझ्याकडं बघत नव्हती, विस्तवाकडं बघत होती. मी जिंकलो, असं वाटलं मला. खोटं नाही सांगत. सूर आणखी लांबवला.

तव्यावरची भाकरी धुरायला लागली. रांगेतला एक चष्मेवाला ओरडला, "अहो मावशी, जळतेय!" मॅनेजर पळत आला आणि शंभर माणसांदेखत तिच्यावर तुटून पडला. झोप लागली का, लक्ष कुठंय, गेस्ट उभे आहेत, उद्यापासून दुसरी बघू. मला एक शब्द नाही बोलला. मी वाजवत होतो, मी कलाकार. करपलेली भाकरी तिनं हातानंच ओढून चुलीत टाकली.

धून मी पुरी केली नाही. मॅनेजरला म्हटलं, साहेब, चूक माझी आहे, सॅड वाजवलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही मस्त वाजवता, तुमचा काय संबंध?" आणि साहेबांकडं गेला.

गर्दी ओसरल्यावर चुलीपाशी गेलो. म्हटलं, बाई, माझ्यामुळं बोलणी बसली तुला.

ती तवा घासत म्हणाली, "बाबा, हे वाजवायचं असंल तर आधी सांग. मी तवा उतरून ठेवीन."

परत येताना टेम्पोत ढोलकीवाला लाल टोपी घालूनच झोपला. मी हिशेब लावत बसलो, पैशाचा नाही. चाळीस वर्षं मी तिच्यासमोर बसून वाजवलं. जिथं जिथं तिचा हात थांबला, तिथं मी खुशीत काट मारली, गाणं पारखून झालं म्हणून. हार मात्र तेवढे मागं पडायचे. ते ती मी झोपल्यावर ओवायची. पहाटे बाजाराची गाडी निघायच्या आत पुरे करायची. ती "बाद" म्हणायची ते लोकांसाठी, असं मला वाटायचं. आणि तवा उतरून ठेवायला मी तिला कधी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढली. विसाव्या ओळीवर काट मारली. मग ओट्यावर गेलो. सून शेवंतीचा ढीग घेऊन बसली होती. ती म्हणाली, "नाना, वाजवताय का?" मी म्हटलं, सुई दे. तिच्या शेजारी गोणपाटावर बसलो आणि दोन हार ओवले. एक जमला. दुसरा तिनं मी पाठ फिरवल्यावर उसवून परत ओवला, ते मी दारातून बघितलं.