उंबऱ्यावरचा बुरांस

लिफ्टचं दार उघडलं की आधी त्यांचा वास यायचा. पावडरचा, डिंकाचा आणि खोट्या मिशा चिकटवायच्या स्पिरिटचा. थोडा गोड, थोडा नाकाला झोंबणारा. मग खांद्याला पेटी लावलेले ते दिसायचे, आमच्या मजल्यावरचे मेकअपवाले दादा. माझी हनुवटी हवेतच उचलल्यासारखं करून म्हणायचे, "वहिनीसाहेब, जरा उजेडात यावं." चेहरा न्याहाळायचे आणि स्वतःशीच मान हलवून निघून जायचे.

मालिकांमध्ये मेकअप करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तरुणपणी गढवालच्या डोंगरातून आले आणि मराठी शिकले ते ऐतिहासिक मालिकांच्या सेटवर. त्यामुळे आमच्या सिल्व्हर पार्कच्या भाजीवाल्यालाही ते "कोथिंबीर सादर करा" म्हणत. तो बिचारा "क्या बोला चाचा?" म्हणून कान पुढे करी. तुमच्याही मजल्यावर असा एखादा भाडेकरू असेल, ज्याचं आडनाव कोणाला ठाऊक नसतं आणि ज्याच्याकडे सगळ्यांच्या घराची किल्ली असते.

एका लाल रंगाशी मात्र त्यांचं जमत नव्हतं. हाताच्या पाठीवर लिपस्टिकचे तुकडे कालवून ते मला दाखवत. "हा नाही, यात वीट आली. हाही नाही, हा लग्नातला." त्यांना हवा होता बुरांसचा लाल. त्यांच्या गावाच्या वर, वाऱ्याच्या कड्यावर हे झुडूप होतं. पानं चामड्यासारखी जाड, आणि थंडी सरता सरता त्यांतून वर येणारे मूठमूठभर लाल गुच्छ. "खाली बर्फ असतो अजून, आणि वर हे असं! डोळ्यांना गरम लागतं, वहिनीसाहेब." बहीण दर वर्षी वाळलेल्या पाकळ्यांची पिशवी पाठवी. वाळल्यावर तो रंग काळवंडे, तरी ते त्या पिशवीत नाक घालून कितीतरी वेळ बसत.

त्या वर्षी फेब्रुवारीत माझे यजमान गेले. मला काही दुखत नव्हतं. सांगायला विचित्र वाटतं, पण ते तसंच होतं. कुकरची शिट्टी ऐकू येई, ती माझ्याच स्वयंपाकघरातली आहे हे उशिरा लक्षात येई. बायका येऊन हात धरत. धरलेला हात माझा आहे, हे मला पाहून कळे.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर उंबऱ्यावर चिमूटभर तांदूळ आणि काळपट लाल पाकळ्या.

"हात लावू नका!" समोरच्या भाभी ओरडल्या. त्यांच्याही दारात तेच होतं. "कोणीतरी करणी केलीय. लाल बघा ना, तांदूळ बघा! तुमच्याकडे तर आत्ताच..." पुढचं त्यांनी गिळलं.

मजल्यावरच्या चारही दारांत तसंच होतं. सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि लांबूनच वाकून पाहू लागले. तेवढ्यात पेटी घेऊन मेकअपवाले दादा कामाला निघाले.

"मीच ठेवलंय," ते हसून म्हणाले. "आज आमच्याकडे चैत लागतो. मुलं पहाटे दारोदार फुलं ठेवतात, घर भरलेलं राहावं म्हणून."

"मुलं ठेवतात ना? मग तुमचं वय काय, दादा? का कुठल्या सिरियलचं शूटिंग चाललंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"इथल्या मुलांना ठाऊक नाही. म्हणून मीच मूल झालो."

कोणी हसलं नाही. भाभींनी पाण्याची बादली आणून आपला उंबरा धुतला, मग न विचारता माझाही.

दादांच्या घराचा भाडेकरार त्याच सुमाराला संपत होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना ठेवायचं की नाही, हा विषय निघाला. ज्या घरात माणूस गेलं त्या घराला विचारावं, असं कोणीतरी सुचवलं. मी उभी राहिले. "माझी काही तक्रार नाही. मला ती फुलं आवडली. त्यांना राहू द्या." माझा आवाज सपाट होता, बातम्या वाचल्यासारखा.

"त्या अजून शॉकमध्ये आहेत," एक जण माझ्यासमोरच म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मला कोणीतरी खुर्ची दिली. त्यांच्या घरमालकाने फोनवर सांगितलं, कटकट नको, खोली रिकामी करा.

त्यांना गोडदेवला एक खोली मिळाली. रिक्षाने जाण्याइतकंच अंतर, पण त्यानंतर ते मला कुठेच दिसले नाहीत. निघायच्या दिवशी, खाली टेम्पो भरत असताना, ते माझ्या दारात आले.

"फुलं तुमच्याच दारात ठेवायची होती," ते म्हणाले. "पण एकट्या तुमच्या दारात ठेवली असती तर लोक तुमच्याकडे बघत बसले असते. म्हणून चारही दारांत ठेवली."

मी मान हलवली. आत काहीच हललं नाही.

"एक मागणं आहे. फुलं ठेवणाऱ्या मुलाला घरातून गूळ मिळतो. तो मिळाला नाही, तर फुलं अर्धी राहतात."

मी आत गेले. गुळाचा डबा कित्येक दिवसांत उघडला नव्हता. ढेप दगडासारखी झाली होती. बत्त्याने ठोकून एक खडा काढला. तो त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून घेतला, तिथेच उभ्या उभ्या दातांनी फोडला आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. त्यांचा हात तसाच होता. ते म्हणाले, "खा."