‘हलकाच आहे, सर’

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, मुलाजवळ नाही. विनयच्या फोटोसमोर एकटी उभी असतानाही — नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगते आहे. की आणखी काही कारण आहे? असो.

मी लखनौमधल्या एका प्रयोगशाळेत काम करते. कोरोनाच्या दिवसांत रुग्णांचे नमुने आमच्याकडे यायचे आणि विषाणूचा प्रकार कोणता, हे आम्ही शोधायचो. भागवत सर आमचे प्रशासन प्रमुख; तपासणीतलं त्यांना फारसं कळत नसे. ते साताऱ्याचे, आम्ही नागपूरचे. पण इथे मराठी माणूस म्हणजे घरचाच. त्यांच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, चकल्या केल्या की एक डबा आमच्याकडे यायचाच.

डेल्टाच्या लाटेत माझा नवरा आजारी पडला. विनय रेल्वेत इंजिनियर, चांगला धडधाकट माणूस. त्याचा ऑक्सिजन उतरायला लागला आणि शहरात सिलिंडर मिळेना. चिनहटच्या ऑक्सिजन कारखान्याबाहेर भर उन्हात रांगेत उभी राहिले, रिकाम्या हाताने परतले. सरांच्या घरी एक भरलेला सिलिंडर होता. घरात सगळे ठणठणीत असताना, जपून ठेवलेला. मी हात जोडले — अक्षरशः जोडले.

“उद्या आमच्यावर वेळ आली तर, अनघा?” सर म्हणाले. वहिनी मागे उभ्या होत्या.

विनय गेला. भेटायला आले तेव्हा सर म्हणाले, “व्हेरियंटच तसा होता गं. कुणाचं काय चालणार?”

त्या एका वाक्यावर मी जगले. रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणायचे आणि मनात म्हणायचे — येऊ दे तुमच्यावर ती वेळ.

आली. पुढच्या जानेवारीत ओमायक्रॉन पसरला. हा बहुतेकांना सर्दी-तापावर सोडतोय, हे सगळ्यांना कळलं होतं; अमीनाबादच्या बाजारात लोक हनुवटीवर मास्क घेऊन खरेदी करत होते. सरांना ताप आला. त्यांचा नमुना माझ्याकडे आला आणि मी तो सगळ्यांच्या आधी तपासणीला लावला. काळजीने? नाही. आशेने. आणि निघाला — डेल्टा. ओमायक्रॉनच्या एवढ्या गर्दीत कुठेतरी शिल्लक राहिलेला.

रुग्णाला प्रकार कळवायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता. पण तो मी कितीदा मोडला होता! ओळखीत कुणाचा डेल्टा निघाला की हळूच फोन करायचे — सांभाळा, हा फुप्फुसात उतरतो, ऑक्सिजन मोजत राहा, लस न घेतलेल्यांना लांब ठेवा. वहिनींनी लस घेतली नव्हती. औषधांची ॲलर्जी होती, घाबरायच्या. मला माहीत होतं. विसरले होते, असं म्हणायची सोय नाही.

सरांचा फोन आला. “अनघा, ओमायक्रॉनच ना हा?”

“हो सर. हलकाच आहे.”

एवढंच बोलले. मग जेवले, झोपले. झोपही छान लागली.

सरांचे दोन्ही डोस झाले होते, ते बरे झाले. वहिनी मास्क न लावता त्यांच्या उशाशी बसल्या होत्या — हलकाच आहे म्हटल्यावर मास्क कशाला? मग त्यांना ताप आला. काही दिवसांनी त्यांच्या मुलीचा, रियाचा, फोन. “आंटी, मम्मी की साँस फूल रही है. पापा कह रहे हैं हल्कावाला है, घर पे ठीक हो जाएगी. हो जाएगी ना?”

“ताबडतोब हॉस्पिटलमध्ये ने,” मी म्हणाले. तेव्हा तरी खरं सांगितलं का? प्रकार कोणता, ते सांगितलं का? नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

वहिनी गेल्या. त्यांचं वाईट वाटलं. ते अजूनही वाटतं, आणि त्याने कुणाचं काही भलं होत नाही. पण हॉस्पिटलच्या आवारात सर जमिनीवर बसून रडत होते, तेव्हा माझ्या आत काहीतरी निवलं. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं, तसं. वहिनींचा देह अजून आतच होता. तरीही निवलं.

सर आता निवृत्त झालेत. त्यांची पक्की समजूत आहे, की एवढ्या साध्या दुखण्याने बायको गेली म्हणजे दोष त्यांचाच — त्यांनी अंगावर काढायला लावलं, त्यांनी उशीर केला. माझ्या एका वाक्याने हे ओझं उतरेल. ते वाक्य मी त्यांना देत नाही.

गेल्या दिवाळीत आले होते. खूप वाळलेत, जिना चढताना दोनदा थांबले. सोफ्यावर बसले आणि म्हणाले, “अनघा, तू तर यातली जाणकार. ओमायक्रॉनने कुणी असं जातं का गं? की मीच मारलं तिला?”

मी फराळाची ताटली पुढे सरकवली.

“घ्या ना, सर,” म्हणाले.